शनिवारी आलेली मोटार

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि तिच्यापासून माझी तंबाखूची पुडीसुद्धा कधी लपून राहिली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे मी आता दमलोय. एखादी गोष्ट उरावर घेऊन हिंडायलाही ताकद लागते, आणि साठीकडं झुकल्यावर ती पहिल्यासारखी राहत नाही.

माझं दुकान सोनईच्या बाहेर, रस्त्याला लागून. पूर्वी मी विहिरीवरच्या मोटारी भरायचो. मोटार जळाली की आतली जुनी तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून बसवायची, त्याला आम्ही भरणं म्हणतो. आता ते काम उरलं नाही म्हणा ना. लोक म्हणतात, भरण्यापेक्षा नवीच आणू. मग जुनी येते माझ्याकडं, मोडीत. दिवसभर मी मोटारी फोडत बसतो. झाकणं खोलायची, रोटर ओढून काढायचा, छिन्नीनं तारेच्या गुंडाळ्या कापायच्या, मागच्या खड्ड्यात त्या जाळायच्या आणि राखेतनं तांबं उपसायचं. बिडाची बॉडी एका ढिगाला, पत्रा दुसऱ्या ढिगाला, तांबं आतल्या खोलीत कुलपात. ज्या मोटारी मी हौसेनं भरल्या त्यातल्या कितीतरी आता माझ्याच हातानं फोडतोय. कुणाला हसू येईल याचं. पूर्वी मलाही यायचं.

सांगायचं ते राहूनच जातंय. आधी शनिवारचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शनिवारी लोखंड घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा नेम, वडिलांपासूनचा. तुमच्याकडंही कुणी पाळत असेल. पण आमच्या भागात त्याला जरा जास्त धार आहे, कारण शिंगणापूर जवळ. जिथं घरांना दारं लावत नाहीत आणि चोराचं देव बघून घेईल म्हणतात, त्या गावाशेजारी भंगाराचा धंदा करायचा म्हणजे शनिवार पाळावाच लागतो. दुकानावर तशी पाटीच आहे. पण कुणी लांबनं टेम्पो भरून आला तर त्याला माघारी कसं लावायचं? मग आम्ही एक पळवाट काढलेली. माल भिंतीकडेला उतरवून घ्यायचा, वर पोती टाकायची, आणि काट्यावर चढवायचा तो रविवारी. वजन केलं नाही म्हणजे घेतलं नाही. देवाला हे पटत होतं का? आम्ही कधी विचारायला गेलो नाही.

आता भानुदास.

भानुदास विहिरीतनं मोटारी काढायचा आणि परत सोडायचा. खांद्यावर चेनकप्पी, कमरेला दोर, पायात कधी चप्पल नाही. विहिरीवर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं करायचा, त्याला कप्पी टांगायचा, आणि माणसानं लेकराला आडातनं वर घ्यावं तशी मोटार वर घ्यायचा. काठाला घासू द्यायचा नाही. त्यानं काढायची, मी भरायची, त्यानं सोडायची — अशी आमची जोडी होती. पंचक्रोशीतल्या बहुतेक विहिरींचं पाणी आमच्या दोघांच्या हातांखालून गेलेलं. जेवायच्या वेळेला तो माझ्या दुकानात असला तर माझ्या डब्यातली भाकरी अर्धी त्याची. त्याची बायको आमच्याकडं शेंगा पाठवायची, आमच्याकडनं तिला दिवाळीला पातळ जायचं. मित्र म्हणा, भाऊ म्हणा. मी कधी म्हणून दाखवलं नाही, त्यानंही नाही.

एकच होतं — त्याची जीभ. चेष्टा केल्याशिवाय त्याला भाकरी पचायची नाही. आणि त्याची आवडती चेष्टा माझ्या कामावर. चारचौघांत, चहाच्या टपरीवर, कुणाच्या बांधावर, कुठंही. "मिस्त्रीचं वायंडिंग हाय तवर माझं प्वाट उपाशी राहायचं न्हाई. आज सोडायची, पावसाळ्यात काढायची." लोक हसायचे. मीही हसायचो. काय करणार? पण खरं सांगू का, ज्याचं पोट हातातल्या कसबावर आहे त्याला कसबावरची चेष्टा हसून सोडता येत नाही. तो नुसतं हसल्यासारखं करतो.

नाना म्हणजे आमच्यातले मोठे बागायतदार. माझं दुकान आहे ती जागा त्यांची. भाडं वाढवा म्हणून त्यांनी तोंडानं कधी काढलं नाही, असा माणूस. त्यांची विहिरीतली मोटार जळाली, ती भानूनं काढली, आणि मी भरायला घेतली. त्या वेळी मनात एक ईर्षा धरली होती — ही मोटार अशी भरायची की भानू म्हातारा झाला तरी तिला वर काढायची वेळ येऊ नये. तार उत्तमातली आणली. एकेक वेढा हातानं दाबून बसवला. वरनं दोऱ्याच्या गाठी मारल्या त्या इतक्या सारख्या, की बायको म्हणाली, फुलांचा गजरा विणताय का काय. झाकणाच्या आतल्या बाजूला मी माझी खूण म्हणून पंचनं तीन ठिपके मारतो, तेही मारले.

मोटार सोडायच्या दिवशी विहिरीवर नाना होते, त्यांचा मुलगा सुमित होता, शेजारचे चार जण होते. भानूनं मोटार पाण्यात सोडली, हात झाडले आणि मोटारीलाच म्हणाला, "जा बाई माहेरी. लवकरच न्यायला येतो." सगळे पोट धरून हसले. नानासुद्धा. आणि मी? मी बिडी पेटवली आणि दुसरीकडं बघितलं. त्या दिवशी जे मनात रुतलं ते रुतलं.

त्याला फार दिवस झाले नव्हते. शनिवार होता, सकाळी मी दुकान झाडत होतो. सुमित पिकअप घेऊन आला. मागं एक मोटार, वर ताडपत्री. म्हणाला, "काका, जळालीय ही. नाना म्हणले, मोडीत घालून टाक."

मी ताडपत्री बाजूला केली. आता काय सांगू — आईला आपलं पोर ओळखू यायला जन्माचा दाखला लागतो का? रोटर हातानं फिरवला, लोण्यात फिरावा तसा फिरला. झाकण खोलायची गरज नव्हती, तरी खोललं. तीन ठिपके. गाठी जशाच्या तशा, एकही काळवंडलेली नाही. मोटार जळाली नव्हती. आणि जळाली असती तरी नानांनी ती आधी माझ्याकडं भरायला पाठवली असती, मोडीत घालणारा माणूस नव्हताच तो. सुमितकडं बघितलं तर तो मोबाईलमध्ये बघत होता. त्या मोबाईलवर तो पैसे लावून पत्ते खेळतो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, फक्त नानांना नव्हतं.

मला कळलं. ह्यात शंकेला जागा नव्हती. आणि मी काय म्हणालो असेन? "आज शनिवार आहे. भिंतीकडं उतरव. उद्या बघू." एवढंच. आम्ही दोघांनी मिळून ती उतरवली. वर पोती टाकली. तो गेला.

बघा, तोवर माझ्या हातनं काहीच बिघडलं नव्हतं. मोटार शाबूत होती, माझ्या भिंतीकडेला. नानांना एक फोन केला असता तर सगळं घरच्या घरात मिटलं असतं. मी केला नाही. का? आधी मला वाटायचं, जागेच्या भीतीनं. पण नाना तसले नव्हते. मग मी स्वतःला सांगायचो, सुमितचं लग्न ठरत होतं, सोयरिकीत विघ्न नको. तेही नाही. तेव्हा मनात एवढंच होतं की दुपारपर्यंत बघू. आळस म्हणा. दुसऱ्याच्या भानगडीत हात घालायला मी आधीपासूनच कंटाळखोर.

दुपारी भानू आला.

त्याचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. नानांच्या विहिरीवरनं मोटार गेली होती, आणि ज्यानं कुणी नेली त्यानं वायर कापली नव्हती. जोड नीट सोडवून, टोकांना पट्टी गुंडाळून ठेवली होती. काठावर मोटार घासल्याचा ओरखडा नव्हता. बघणाऱ्यांनी म्हटलं, हे जाणकाराचं काम. नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजच काय? पंचक्रोशीत जाणकार एकच होता. त्याच्या शेजारी उभा राहून दर वेळी दोर धरणारा सुमित कुणाच्या ध्यानात आला नाही, आणि भानूच्याही आला नाही.

तो आत आला आणि दमल्यासारखा बसला. कुठं बसला? भिंतीकडेला. त्या पोत्यांवर.

मी चहा सांगितला. दोन्ही हातांत कप धरून तो जमिनीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, तुझ्याकडं आली असती तर तुला कळलं असतं. तुझीच भरलेली हुती ती. आली का रं?"

ह्याच्यासाठीच मी इतकं लांबण लावलं. ह्या एका प्रश्नासाठी.

मी त्याला नाही म्हटलं नाही. खोटं बोललो नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला बजावत आलोय. मी म्हणालो, "आज शनिवार हाय भानू. मी शनिवारी लोखंड घेतो का कधी?"

त्यानं मान हलवली. त्याला ते पुरलं. माझा शनिवार त्याला ठाऊक होता. तो ज्याच्यावर बसला होता ते त्याला ठाऊक नव्हतं.

आणि त्या क्षणी मला काय वाटत होतं? भीती? दया? ऐका मग, कारण हेच मी कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटत होतं. आत कुठंतरी थंडगार बरं वाटत होतं. आता कळलं ना, लोकांच्या तोंडात आपलं काम आलं की कसं होतं ते — असं मनात आलं. माझ्या वायंडिंगवर लोकांना हसवणारा माणूस माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता, आणि ज्या मोटारीला त्यानं माहेरी धाडलं होतं ती त्याच्याच बुडाखाली होती. मला ती गंमत वाटली. चहा संपेपर्यंत वाटली. मी तेवढाच वेळ घेणार होतो, आईशपथ. चहा झाला की सांगू, असं ठरवलं होतं.

चहा संपला आणि तो म्हणाला, "चल, शिंगणापूरला येतोस? तेल घालून शपथ घेतो. तू माझ्या बाजूनं हुभा ऱ्हा, म्हंजी लोकांना खरं वाटंल."

तेव्हा सांगायचं होतं. उठायच्या आत. पण आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, हे आलं. मी दुकानाला कुलूप लावलं.

गेलो आम्ही. नाना आले होते, टपरीवरचे दोघं-तिघं आले होते. शनिवारची गर्दी. भानूनं ओल्या अंगानं तेल वाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, मी मोटारीला हात लावला असंल तर माझ्या घरावर नांगर फिरू दे. त्याचा आवाज कापत होता. खरं बोलणाऱ्याचा आवाजही कापतो हे लोकांना ठाऊक नसतं. मी त्याच्या शेजारी हात जोडून उभा होतो. मी डोळे मिटले होते, आणि बघणाऱ्याला वाटलं असेल की मिस्त्री मित्रासाठी देवाला आळवतोय.

परत येताना नाना म्हणाले, "माझा काय तुझ्यावर संशय न्हाई भानुदास. सोड आता तू पन." आणि ते मनापासून म्हणाले. पण पोलिसात तक्रार नाही, पंचायत नाही, कुणी कुणाची कॉलर धरली नाही — म्हणजे काही झालंच नाही असं नाही. नुसतं भानूला बोलावणं बंद झालं. नवी मोटार आली ती सोडायला नानांच्या घरच्यांनी नेवाशाहून माणूस आणला. मग दुसऱ्यानं आणला, मग तिसऱ्यानं. तोंडावर सगळे राम राम घालत होते. विहिरीजवळ मात्र त्याला कुणी येऊ देत नव्हतं.

आणि मोटार? रविवारी सकाळी फोडली. काट्यावर चढवली, सुमितला फोन केला, तो आला आणि पैसे घेऊन गेला. मी माझ्याच गाठी छिन्नीनं कापल्या. त्या कापताना हात थांबला होता, ते मात्र भानूसाठी नव्हे. काम फार सुरेख झालं होतं म्हणून. असला माणूस आहे मी. खड्ड्यात टाकून जाळलं. तारेवरचं प्लास्टिक जळताना काळा धूर निघतो आणि घशात बसतो. राख झाल्यावर तांबं सगळं सारखंच दिसतं. चांगल्या मोटारीचं कुठलं आणि जळक्या मोटारीचं कुठलं, मलासुद्धा सांगता येत नाही.

भानूच्या चेष्टेला खोटं पाडायला माझ्याकडं एकच पुरावा होता, ती मोटार. वर्षानुवर्षं चालली असती. तीच मी जाळली.

पुढं एका बुधवारी तो चेनकप्पी घेऊन आला. दुसरीकडं कुठं विकली असती तर बरी किंमत आली असती, पण त्याच्याकडनं कप्पी घ्यायला कुणी धजेना. मोडीत घाल म्हणाला. मी काट्यावर चढवली आणि माप जरा झुकतं धरलं. आणि झुकतं धरलं म्हणून मला त्या रात्री समाधानानं झोप लागली. त्याच आठवड्यात तो बायकोला घेऊन श्रीगोंद्याकडं कारखान्यावर गेला, उसाच्या मोळ्या भरायच्या कामाला. जाताना माझ्या घरी शेंगा ठेवून गेला. कप्पी मी फोडली नाही. दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. गिऱ्हाईक विचारतं, विकायची का? मी नाही म्हणतो.

सुमितचं लग्न झालं, त्याला आता मुलं आहेत, पत्ते सुटले म्हणतात. मला बघितलं की लांबूनच "काका" म्हणून हात करतो. मीही करतो. आमच्यात ह्या विषयावर आजवर एक शब्द झालेला नाही.

हे सगळं असंच मुरलं असतं. पण मागं नगरहून फोन आला. सावेडीतल्या एका सोसायटीच्या बाई होत्या. त्यांच्या बोअरची जुनी मोटार काढून ठेवलेली, मोडीत द्यायची होती. नंबर वॉचमननं दिला म्हणाल्या. शनिवारच होता, पण नगरला माझं दुसरं काम होतं. म्हटलं, नुसती बघून येऊ.

फाटकावर भानू. अंगावर निळा गणवेश, दोन मापं मोठा. पायात बूट होते, आणि त्यात तो अवघडून उभा होता. केस सगळे पांढरे. मला बघून त्याचं तोंड असं फुललं की मला गाडीतनं उतरता येईना. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि घरच्या एकेकाचं नाव घेऊन विचारलं. मी त्याच्या डोळ्यांत शोधलं, ह्याला कुठून कळलं असेल का? काही नव्हतं तिथं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाई खाली आल्या. म्हणाल्या, आजच घेऊन जा. मी काही बोलायच्या आत भानू पुढं झाला. "मॅडम, आज शनिवार हाय. ह्यो मानूस शनिवारी लोखंडाला हात लावत न्हाई. म्या सोता बघितलंय. लई खात्रीचा मानूस हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "उद्या ये. मी ठिवतो राखून."

बाईंनी माझ्याकडं आदरानं बघितलं. मी तो आदर घेतला. 

रविवारी टेम्पो घेऊन गेलो. मोटार पार्किंगच्या कोपऱ्यात होती. तिच्यावर त्यानं पोतं टाकलं होतं आणि पोत्यावर तो बसला होता. म्हणाला, गाड्या पुसणारा दोनदा विचारून गेला, न्हेऊ का म्हणून; म्हनलं, मिस्त्रीची हाय ती. मग उठला, पँट झटकली, पोतं बाजूला केलं आणि म्हणाला, "धर तिकडनं."

मी धरली. पलीकडून त्यानं धरली. जड वस्तू दोघांनी उचलायची म्हटलं की एकमेकांकडं बघावं लागतं, नाहीतर तोल जातो. टेम्पोत चढवेपर्यंत आम्ही एकमेकांकडं बघत होतो. मग मी फळका लावला आणि कडी घातली.